चुनखडीच्या काळ्या रानातील सूक्ष्म अन्नद्रव्ये: दोन हंगाम वापरून केलेले परीक्षण

उसाच्या कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग आधी पिवळा, मग पांढुरका होत जातो, तेव्हा आमच्या कृष्णाकाठी उसावर केवडा पडला असे म्हणतात. ज्वारी, बाजरी आणि मक्यावरच्या बुरशीजन्य रोगालाही हेच नाव असल्याने कित्येक जण उसावरही बुरशीनाशक मारून मोकळे होतात. उसावरचा हा केवडा मात्र बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. वाळवा तालुक्यातील माझ्या तीन एकर भारी काळ्या रानात तो खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) दरवर्षी दिसू लागला, म्हणून गेले दोन हंगाम मी बाजारातील सूक्ष्म अन्नद्रव्यांची खते हिशेब ठेवून वापरली. सुटे फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट, जमिनीतून देण्याचे ग्रेड १ मिश्रण, फवारणीचे ग्रेड २ मिश्रण आणि चिलेट स्वरूपातील (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले) लोह व जस्त ही उत्पादने, आणि त्यांच्या जोडीला माती परीक्षणाची सेवा, यांचा अनुभव येथे मांडत आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण या मालात नावापेक्षा पाकिटावरची टक्केवारी आणि अन्नद्रव्याचे स्वरूप या दोनच गोष्टींनी फरक पडतो, अशी माझी खात्री झाली आहे.

पूर्वी कृषी सेवा केंद्रात या खतांना एखादा कोपरा असे; आता त्यांनी कप्पेच्या कप्पे भरलेले असतात. ही मागणी केवळ जाहिरातीने वाढलेली नाही. युरिया आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतांतून नत्र आणि स्फुरद भरपूर मिळते, पण सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळत नाहीत. दुसरीकडे गोठ्यातील जनावरे कमी झाल्याने शेणखताच्या गाड्या कमी झाल्या आणि त्याच रानातून ऊस, खोडवा, सोयाबीन, हरभरा अशी पिके उसंत न देता निघू लागली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात देशभरातील दोन लाखांहून अधिक माती नमुने तपासले गेले. त्यांत सुमारे ३६ टक्के नमुने जस्तात, सुमारे २३ टक्के बोरॉनमध्ये आणि सुमारे १३ टक्के लोहात कमी आढळले. केंद्र सरकारने २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान लागू केले, तेव्हा जस्तमिश्रित खतांना टनामागे ५०० रुपये आणि बोरॉनमिश्रित खतांना ३०० रुपये जादा अनुदान ठेवले, त्यामागेही हीच परिस्थिती होती. म्हणजे गरज खरी आहे. प्रश्न एवढाच उरतो की आपल्या रानाची गरज कोणती आणि हातात घेतलेले पाकीट ती भागवते का.

त्यासाठी सुरुवात माती परीक्षणापासून केली. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांबरोबर जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन असे एकूण बारा घटक येतात. सामान्य शेतकऱ्याला सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे घरपोच देणारी ही सेवा मला मोलाची वाटते. मात्र आमच्यासारख्या रानासाठी तिच्यात एक मोठी उणीव आहे, ती म्हणजे मुक्त चुनखडीचे प्रमाण त्या बारा घटकांत नाही. लोह जमिनीत असूनही मुळांना का मिळत नाही, याचे उत्तर बहुधा त्याच आकड्यात असते, म्हणून मी वेगळे शुल्क भरून एका प्रयोगशाळेतून तो काढून घेतला. माझ्या रानाचा सामू ८.३, मुक्त चुनखडी ११ टक्के, लोह २.९ पीपीएम (दहा लाख भागांत २.९ भाग), जस्त ०.४८ पीपीएम आणि बोरॉन ०.७ पीपीएम असा अहवाल आला. डीटीपीए या रसायनाने माती तपासण्याच्या पद्धतीत लोहाची किमान पातळी ४.५ आणि जस्ताची ०.६ पीपीएम धरतात, तर गरम पाण्यात विरघळणाऱ्या बोरॉनची ०.५ पीपीएम; म्हणजे माझ्याकडे लोह आणि जस्त कमी, मंगल आणि तांबे पुरेसे, बोरॉनही पुरेसे. हे पाच आकडे हाती येताच दुकानातील निम्म्याहून अधिक पाकिटे माझ्यासाठी निरुपयोगी ठरली.

नमुना घेताना एक काळजी आवर्जून घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती गोळा केली किंवा गंजलेल्या खुरप्याने खरवडली, तर अहवालात जस्त आणि लोह खोटे वाढून येते. मी लाकडी पट्टीने माती काढली आणि ती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा केली. प्रयोगशाळेबद्दल एक तक्रारही नोंदवतो. पहिल्या वर्षी ज्या खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला, तिच्या अहवालात आकड्यांखाली कोणत्या पद्धतीने तपासणी झाली हे लिहिलेले नव्हते, पण शिफारशीत एका ठरावीक उत्पादनाचे नाव आणि मात्रा मात्र स्पष्ट छापलेली होती. परीक्षण करणाऱ्यानेच माल सुचवावा ही पद्धत मला मान्य नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी नमुना दुसरीकडे दिला.

आता खतांकडे येतो. महाराष्ट्र शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रेड १ मिश्रणात जस्त ५ टक्के, लोह २ टक्के, मंगल १ टक्का, तांबे ०.५ टक्के आणि बोरॉन १ टक्का असते. दुकानदार ते एकरी १० किलो टाकायला सांगतात. त्या १० किलोंत जस्त ५०० ग्रॅम आणि लोह केवळ २०० ग्रॅम भरते. याउलट राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कमतरता असलेल्या रानातील उसासाठी हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स अशी शिफारस केली आहे. एकरी हिशेब केला तर १० किलो फेरस सल्फेटमधून १९ टक्क्यांप्रमाणे १ किलो ९०० ग्रॅम लोह आणि ८ किलो झिंक सल्फेटमधून २१ टक्क्यांप्रमाणे १ किलो ६८० ग्रॅम जस्त मिळते. लोहाच्या बाबतीत हा फरक नऊ पटींहून अधिक आहे. ग्रेड १ हे मिश्रण वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्या रानात पाचही अन्नद्रव्ये थोडी थोडी कमी आहेत आणि ज्याला सुटी खते मिळत नाहीत, त्याला ते सोयीचे आहे. पण ज्याचा केवडा लोहाचा आहे, त्याने ग्रेड १ ची पिशवी टाकून लोह दिले असे समजू नये. माझ्या रानात तर त्या पिशवीतील तांबे, मंगल आणि बोरॉन यांचे पैसे मी विनाकारण मोजले असते.

पहिल्या हंगामात आडसाली (दीड वर्षाच्या उसाच्या) लागणीच्या वेळी एकाच तुकड्यात मी तीन पट्टे केले. पहिल्या पट्ट्यात ग्रेड १ टाकले. दुसऱ्यात फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत दिले. तिसऱ्यात तीच दोन खते वेळ वाचावा म्हणून लागणीच्या डीएपीमध्ये कालवून पेरली आणि कडेच्या चार सऱ्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या. तिसऱ्या पट्ट्यातील चूक सर्वस्वी माझी होती. डीएपीमधील स्फुरद जस्ताशी संयोग पावून न विरघळणारे जस्त फॉस्फेट तयार करते आणि दिलेले जस्त पिकाच्या उपयोगी पडत नाही, हे मी वाचलेले होते, तरी लागणीच्या घाईत ते बाजूला पडले. तो पट्टा आणि काहीही न दिलेल्या चार सऱ्या यांत मोठ्या बांधणीपर्यंत डोळ्यांना फरक दिसला नाही. ग्रेड १ चा पट्टा किंचित उजवा होता. शेणखतात मुरवलेल्या पट्ट्यात फुटवे एकसारखे निघाले, पानांची रुंदी भरली आणि पावसाची झड लागल्यावरही पानाची हिरवाई टिकली. कारखान्याची तोड आली तेव्हा सारा ऊस एकाच गाडीत भरला गेला, त्यामुळे पट्ट्यांची वजने वेगळी झाली नाहीत. माझा निष्कर्ष रंग, फुटवे आणि कांड्यांची जाडी यांवर उभा आहे.

मुरवण्याच्या या कृतीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्या खर्चाचे यश तिच्यावर अवलंबून आहे आणि पिशवीवर ती कोठेही छापलेली नसते. चुनखडीयुक्त, सामू आठच्या पुढे असलेल्या जमिनीत फेरस सल्फेट नुसते टाकले तर त्यातील लोहाचे थोड्याच काळात ऑक्सिडीकरण होते आणि मुळांना ते घेता येत नाही. शेणखतातील सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात, म्हणून दहा भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग सूक्ष्म अन्नद्रव्यांची खते असे एकत्र करून, हलका ओलावा ठेवून, पाच ते सहा दिवस सावलीत झाकून ठेवावे आणि मगच सरीत द्यावे. एकरी अठरा किलो खतासाठी १८० किलो शेणखत लागते, म्हणजे बैलगाडीभरही नाही. तेवढे तर आता जनावरे नसलेल्या घरालाही विकत आणता येते. मी ढीग गोठ्याच्या छपराखाली केला, वर ओले पोते टाकले आणि एकदा उलथून घेतला. कच्चे, वाफाळणारे शेणखत यासाठी चालत नाही.

फेरस सल्फेट घेताना पिशवीच्या तोंडाचा रंग पाहावा. चांगला माल फिकट हिरवट स्फटिकांचा असतो. पिवळसर तपकिरी, गंजासारखा थर चढलेला माल म्हणजे ऑक्सिडीकरण होऊन गेलेले लोह होय. त्यामुळे हंगामाच्या आधी सहा महिने साठवण करून ठेवू नये आणि फोडलेली पिशवी उघडी ठेवू नये. झिंक सल्फेटच्या बाबतीत धोका वेगळा आहे. ते दिसायला मॅग्नेशियम सल्फेटसारखेच असते आणि मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त असल्याने भेसळ त्याचीच होते. घरी करता येण्याजोगी एक परीक्षा अशी: काचेच्या ग्लासात डीएपीचे निवळलेले द्रावण घ्यावे आणि त्यात झिंक सल्फेटचे द्रावण ओतावे, जस्त असेल तर दाट, दह्यासारखा साका तयार होतो, नुसते मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा साका दिसत नाही. दुसऱ्या वर्षी मी इतरांपेक्षा बरीच स्वस्त मिळाली म्हणून आणलेल्या एका पिशवीचा साका अगदीच विरळ आला. मी पिशवी आणि पावती घेऊन परत गेलो, दुकानदाराने वाद न घालता पैसे परत केले, पण असा माल पुढे कोणाच्या रानात गेला असेल याची काळजी मनातून गेली नाही. ही केवळ प्राथमिक परीक्षा आहे. खात्रीचा निकाल हवा असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयातील खत निरीक्षकामार्फतच नमुना प्रयोगशाळेत जायला हवा.

झिंक सल्फेट दोन प्रकारचे येते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हेप्टाहायड्रेटमध्ये २१ टक्के जस्त असते, तर मोनोहायड्रेटमध्ये ३३ टक्के. ८ किलो हेप्टाहायड्रेटमधून जेवढे जस्त मिळते, तेवढे मोनोहायड्रेटच्या ५ किलो १०० ग्रॅममध्ये मिळते. पिशवीच्या किमतीला त्यातील जस्ताच्या किलोंनी भागल्यावर जो दर निघतो, त्यावरच तुलना करावी; त्या वर्षी आमच्या बाजारात महाग दिसणारी पिशवीच प्रत्यक्षात स्वस्त पडली.

दुसऱ्या हंगामात खोडव्यावर खरी कसोटी लागली. पाचट ठेवलेले होते, पाऊस सलग झाला, सरीत पाणी साचून राहिले आणि तिसऱ्या आठवड्यात पोंग्यातील (शेंड्याची गुंडाळलेली) पाने पांढरी निघू लागली. चुनखडीच्या जमिनीत पाणी तुंबले की बायकार्बोनेट वाढते आणि लोहाचे शोषण आणखी मंदावते, म्हणून फवारणीच्या आधी चर काढून पाणी बाहेर काढले. जो केवडा दिसताच पंप खांद्याला लावतो, पण सरीतील पाणी तसेच राहू देतो, त्याचा फवारणीचा खर्च फुकट जाण्याची शक्यता फार आहे.

फवारणीसाठी तीन गोष्टी वापरल्या. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे अर्धा टक्का द्रावण होते आणि त्यात सुमारे १४ ग्रॅम लोह असते. त्याच पंपात ७५ ग्रॅम ग्रेड २ टाकले, तर लोह २.५ टक्क्यांप्रमाणे दोन ग्रॅमही भरत नाही. ग्रेड २ मध्ये लोहाबरोबर जस्त ३ टक्के, मंगल १ टक्का, तांबे १ टक्का, बोरॉन ०.५ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्के असते; निरोगी पिकावर सर्वसाधारण पोषण म्हणून ते उपयोगी पडेल, भाजीपाल्यावर मी ते यापुढेही वापरेन, परंतु पांढरा पडलेला ऊस त्याने हिरवा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. फेरस सल्फेटचे द्रावण विहिरीच्या जड पाण्यात करताच तांबूस होऊ लागते, म्हणून पाण्यात आधी पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवले, मग फेरस सल्फेट टाकले आणि द्रावण केल्याबरोबर सकाळच्या वेळी फवारले. आठ ते दहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या झाल्या. आधी पांढरी झालेली पाने पूर्ण हिरवी झाली नाहीत, कारण लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही; नवी पाने मात्र दुसऱ्या फवारणीनंतर हिरवी निघाली आणि हाच यशाचा पुरावा मानावा.

तिसरी गोष्ट म्हणजे चिलेट. येथे शेतकऱ्याची सर्वाधिक फसगत होते असे मला वाटते, आणि ती पाकिटावर काही खोटे छापलेले असते म्हणून होत नाही. ईडीटीए या चिलेटच्या स्वरूपातील लोह १२ टक्क्यांचे असते आणि फवारणीसाठी उत्तम आहे. सायट्रिक ॲसिडची कटकट नाही, द्रावण स्वच्छ राहते, नोझल तुंबत नाही. पण तेच पाकीट ठिबकमधून चुनखडीच्या जमिनीत सोडले, तर जमिनीतील कॅल्शियम लोहाची जागा घेते आणि लोह सुटे होऊन निकामी होते. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड ढिली पडते, आपल्या ८.३ सामूच्या रानात ठिबकमधून लोह द्यायचे असेल तर ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटचे स्वरूपच टिकते. ते साधारण ६ टक्के लोहाचे, गडद तांबड्या रंगाचे आणि बरेच महाग असते. मी ते फक्त अर्ध्या एकरावर, सर्वाधिक पांढऱ्या पडलेल्या भागात, ठिबकमधून दिले आणि परिणाम सर्वांत लवकर तेथेच दिसला. तरीही उसासारख्या पिकाला संपूर्ण रानभर हा खर्च परवडेल असे मला वाटत नाही. द्राक्षे किंवा संत्र्याच्या बागेचा हिशेब निराळा असू शकतो. जस्ताच्या बाबतीत मात्र ईडीटीए चुनखडीच्या जमिनीतही चांगले टिकते, त्यामुळे ठिबकमधून जस्त द्यायचे असल्यास १२ टक्क्यांचे झिंक ईडीटीए हा योग्य पर्याय आहे. लोह आणि जस्त यांच्यातील हा फरक विक्रेत्याला विचारला तेव्हा दोन दुकानांत उत्तर मिळाले नाही, आणि तिसऱ्या दुकानातील तरुण कृषी पदवीधराने पाटीवर आकृती काढून तो समजावून सांगितला. त्या मुलाकडून मी पुढची सगळी खरेदी केली.

बोरॉनबद्दल थोडक्यात लिहितो. पुरेसे आणि जास्त यांतील अंतर बोरॉनमध्ये फार कमी असते. ज्याच्या अहवालात ते पुरेसे आहे त्याने दरवर्षी बोरॅक्स टाकत राहिल्यास जुन्या पानांची टोके आणि कडा करपू लागतात. माझ्याकडे आकडा ०.७ असल्याने विद्यापीठाच्या शिफारशीतील बोरॅक्स आणि मँगनीज सल्फेट मी दोन्ही वर्षे वगळले.

आता दुकानांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. खोडव्याला नत्राचा हप्ता द्यायची वेळ होती, युरियाची टंचाई होती, आणि एका दुकानात युरियाच्या गोण्यांबरोबर द्रवरूप सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्यावीच लागेल असे सांगण्यात आले. याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात आणि ते नियमबाह्य आहे. त्या बाटलीवर खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे ग्रेड किंवा टक्केवारी नव्हतीच. ‘वाढवर्धक’ एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत होता. अशा जैव उत्तेजकांनाही २०२१ पासून त्याच आदेशाखाली आणलेले आहे, हे मी काउंटरवर सांगितल्यावर बाटली मागे घेतली गेली आणि युरिया मिळाला. ज्याला हा नियम ठाऊक नाही अशा माझ्या शेजाऱ्याच्या घरात मात्र तशा तीन बाटल्या न फोडता पडून आहेत, आणि त्यांचे पैसे त्याच्या खोडव्याच्या खतातून गेले. सूक्ष्म अन्नद्रव्यांबद्दल गावात जो अविश्वास आहे, त्याचे मूळ या सक्तीच्या बाटल्यांत आहे. खऱ्या गरजेचे झिंक सल्फेटही त्यामुळे लोक ‘दुकानदाराचे औषध’ म्हणून नाकारतात, याचे मला मनापासून दुःख होते.

यंदाच्या आडसालीसाठी एकरी १० किलो फेरस सल्फेट आणि ५ किलो मोनोहायड्रेट झिंक सल्फेट यांची पावतीसह खरेदी झाली आहे, पावतीवर लॉट क्रमांक लिहून घेतला आहे आणि शेणखताचा ढीग छपराखाली मुरत आहे. ओढ्याकडच्या खालच्या तुकड्याचा नमुना मागच्या आठवड्यात तपासणीला दिला असून, त्याचा मुक्त चुनखडीचा आकडा येईपर्यंत त्या तुकड्यासाठी काहीही विकत घेतलेले नाही.